तिसरं दुकान

वन्सं, तुम्ही आयुष्यात कधीही तडजोड केली नाही.

हे वाक्य माझं नाही. तुमच्या तेराव्याला शाळेनं शोकसभा ठेवली होती, तिथं शिक्षण समितीचे एक सदस्य ते म्हणाले. एकूण चार वेळा म्हणाले. तिसऱ्या वेळी त्यांनी टेबलावर मूठ आपटली, तसा तुमचा फोटो हारासकट डावीकडे कलला, आणि मला वाटलं, आता तुम्ही त्यांना खाली बसायला सांगणार. त्यांनी तुम्हाला एकदाच पाहिलं होतं, शाळेच्या तपासणीला आले तेव्हा, तेही जेवणाच्या सुट्टीत.

मी पहिल्या रांगेत बसले होते. गेलेल्या माणसाच्या भावजयीला पहिल्या रांगेत बसवतात. तुमचे बंधू शेजारी बसून तोच चष्मा पुन्हा पुन्हा पुसत होते. तुमचा जन्म, शिक्षण, सेवेची वर्षं हे सगळं सांगून झालं. त्यातलं निम्मं चुकीचं होतं, म्हणून ते इथं पुन्हा सांगत नाही. मला तुमच्याशी डाळीबद्दल बोलायचं आहे.

आपलं जे काही बिनसलं ते डाळीवरून बिनसलं. नणंदा-भावजयांना भांडायला सोनं असतं, सासूची मर्जी असते, माहेरचे मान असतात. आपल्याकडे यातलं काही नव्हतं. तुम्ही लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची आपल्या घरात पद्धत नव्हती. गारगोटीत दोन खोल्या घेऊन एकट्या राहायचात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत शाहूपुरीत आमच्याकडे यायचात. मग तुम्ही, तुमचे बंधू, मी आणि आमची सुमा असे चौघं एस.टी.नं कुठंतरी जायचो. वळकटी, वातीचा स्टोव्ह, दोन पातेली, एक पळी. धर्मशाळेत उतरायचं, गावातून शिधा आणायचा आणि शिजवून खायचं. खानावळीत जेवणं ही आपल्याकडे श्रीमंती तरी समजली जायची किंवा आजारपण.

शिधा आणायचं काम तुमचं. ते कुणी तुमच्यावर सोपवलं नव्हतं. तुम्ही ते घेतलं होतं. सामान खाली ठेवलं की चेहऱ्यावर पाणी मारायचं, निळ्या खादीची पिशवी काखेत घ्यायची आणि निघायचं. देऊळ असो, किल्ला असो, समुद्र असो, तो आपल्या जागी राहणार होता. दुकान दुपारी बंद व्हायचं.

तुमचा नियम असा होता की तीन दुकानं बघितल्याशिवाय पिशवी उघडायची नाही. पहिलं स्टँडसमोरचं. तिथं काही घ्यायचं नाही, नुसतं बघायचं. "स्टँडसमोरच्या दुकानदाराला माहीत असतं, हे गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही," तुम्ही म्हणायचात. "जो पुन्हा भेटणार नाही, त्याच्याशी माणूस कसा वागतो ते इथं कळतं." दुसरं देवळाच्या वाटेवरचं. तिथं मालाच्या भावात देवाचा भाव मिसळलेला असतो. तिसरं शोधावं लागायचं. ते आतल्या गल्लीत असायचं, पाटी नसलेलं किंवा पाटी पुसलेलं. त्याची खूण एकच, दुकानासमोर गावातल्या बायका उभ्या असतात आणि दुकानदार त्यांना घाबरून असतो.

मी पहिल्या एक-दोन सहलींना तुमच्याबरोबर हिंडले. तुम्ही तूरडाळीचा एक दाणा पुढच्या दातांनी फोडायचात आणि आवाज ऐकायचात. तांदूळ तळहातावर घेऊन हलकेच फुंकायचात. तागडीकडे बघायचाच नाहीत, दुकानदाराच्या अंगठ्याकडे बघायचात. आणि मग तुमचा ठरलेला प्रश्न.

"तुमच्या घरी कुठली डाळ शिजते?"

बहुतेक दुकानदार या प्रश्नाला तयार नसायचे. मालवणात एक जण म्हणाला, "आमच्या घरी मासे." तुम्ही त्याच्याकडून डाळ घेतली नाही, पण कोकम घेतलं. माणूस खरं बोलतो म्हणून.

माझं म्हणणं साधं होतं आणि अजूनही तेच आहे. चार माणसांना एका दिवसाला डाळ लागते ती केवढी. तेवढ्यासाठी एक तास उन्हात हिंडून मिळवायचं ते काय? जवळचं दुकान म्हणजे पायांची बचत, वेळेची बचत आणि भुकेल्या पोरीची रड कमी. सोय हीसुद्धा एक किंमत आहे, असं मी तुम्हाला फोंड्याच्या घाटात, बस बंद पडली होती तेव्हा, चांगलं पटवून सांगितलं होतं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "सोय बघणाऱ्या माणसाची सगळे सोय बघतात, शालन. स्वतःची."

हा वाद पुरा झाला नाही. बस सुरू झाली.

त्याच घाटातून परत येतानाची गोष्ट त्या सदस्यांना कुणी सांगायला हवी होती. तांदूळ एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात न्यायला बंदी होती ती वर्षं. मालवणच्या तिसऱ्या दुकानात तुम्हाला असा तांदूळ मिळाला की तुमचा जीव त्याला सोडवेना. तुम्ही उशीतला कापूस काढून माझ्या पिशवीत कोंबलात आणि उशीत तांदूळ भरलात. नाक्यावर शिपाई चढला. त्यानं उशी उचलून बघितली.

"बाई, उशी लई जड हाय की."

"डोकं जड असलं की उशीपण तशीच लागते," तुम्ही शाळेतल्या आवाजात म्हणालात. "ठेवा खाली. आणि शर्टाचं वरचं बटण लावा."

त्यानं उशी खाली ठेवली आणि बटण लावलं. तुमचे बंधू कोल्हापूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले होते. त्यांना सरकारी नोकरी होती.

सहली नसायच्या तेव्हा तुमची कार्डं यायची. शिक्षकांच्या शिबिराला म्हणून तुम्ही कुठं कुठं जायचात. तिथं काय शिकवलं हे तुम्ही कधी लिहिलं नाहीत. कार्ड असं असायचं: "येथे शेंगदाणा उत्तम, डाळ मध्यम. स्टँडजवळ घेऊ नये. पेठेत विहिरीसमोर एक म्हातारी बसते, तिच्याकडील गूळ पाहावा. सुमाला आशीर्वाद." आम्ही त्या गावांना जाण्याची काही शक्यता नव्हती. मी वाचनालयात नोकरी करते, प्रवासवर्णनं रोज हातातून जातात. गावात उतरलेल्या माणसानं जेवायचं काय आणि ते कुठून आणायचं, हे सांगणारं पुस्तक मला अजून सापडलेलं नाही. सूर्यास्त सगळ्यांत सापडतात. तुमची कार्डं मी चहाच्या जुन्या डब्यात ठेवली आहेत.

आता विजापूर.

विजापूरला जायचं तुमच्या मनात केव्हापासून होतं. आम्हाला वाटायचं, घुमटासाठी. गाडीत तुम्ही सांगितलंत की हा तुरीचा मुलूख, आपण कोल्हापुरात खातो ती डाळ इकडून येते आणि येईपर्यंत म्हातारी होते. ती तिच्या माहेरात कशी लागते ते बघायचं आहे. कानडीत एक ते दहा आकडे तुम्ही पाठ केले होते. मे महिना होता. धर्मशाळेत पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. तुम्ही पाणी मारलंत, पिशवी घेतलीत आणि निघालात.

एक तास झाला. दीड झाला. सुमा आधी रडली, मग रडायची थांबली, आणि ते जास्त वाईट होतं. तुमचे बंधू म्हणाले, "ताई येतीलच." ते हे वाक्य दर पंधरा मिनिटांनी म्हणत होते. शेवटी मी उठले, स्टँडसमोरच्या दुकानात गेले, डाळ-तांदूळ घेतले, आले आणि स्टोव्ह पेटवला. भात झाला. डाळ काही शिजेना. तुरीच्या मुलखात येऊन मी जी डाळ आणली होती ती पाण्यात नुसती फिरत होती. स्टोव्हमधलं रॉकेल संपत आलं.

त्याच वेळी तुम्ही दारात उभ्या राहिलात. घामानं निथळत होतात, आणि चेहऱ्यावर असा आनंद होता की तो मी तुमच्या तोंडावर आधी कधी पाहिला नव्हता. हातात कागदाचा पुडा. "शालन, तिसरं नव्हे, पाचवं दुकान," तुम्ही म्हणालात. मग पातेल्याकडे बघितलंत.

 पळीनं एक दाणा काढलात, बोटांत दाबून बघितलात आणि म्हणालात, "शिजू दे. होईल."

तुम्ही मला बोलला असतात तर मी ऐकून घेतलं असतं. पण तुम्ही मला सांभाळून घेतलंत, आणि ते मला सहन झालं नाही. मी म्हणाले, "वन्सं, माणसं जग बघायला निघतात, तुम्ही दुकानं बघायला निघता. ज्यांच्या घरी वाट बघणारं कुणी नसतं, त्यांनाच हे असलं जमतं."

तुमच्या बंधूंनी भांडं खाली ठेवलं.

तुम्ही पिशवीची घडी घातलीत. एकदा, मग दुसऱ्यांदा. "व्हय," तुम्ही म्हणालात. "खरं हाय ते."

तुम्ही आमच्याशी नेहमी शाळेतलं मराठी बोलायचात. त्या दिवशी नाही बोललात.

मग आपण भात आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. नंतरचे दोन दिवस तुम्ही एकाही दुकानात गेला नाहीत. आम्ही देऊ ते खाल्लंत आणि चांगलं झालंय म्हणालात. घुमटात वर चढलो. तिथं भिंतीशी बोललेलं पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला स्पष्ट ऐकू येतं. तुम्ही पलीकडे उभ्या होतात, भिंतीला कान लावून, कारण सुमानं तुम्हाला तसं उभं केलं होतं. मला एवढंच म्हणायचं होतं की चुकलं. मी भिंतीला तोंड लावलं आणि म्हणाले, "पाय दुखताहेत का?"

"नाही," पलीकडून आलं. अगदी स्वच्छ ऐकू आलं.

पुढच्या सुट्टीत तुम्हाला निकालाचं काम होतं. त्याच्या पुढच्या सुट्टीत शाळेची कौलं बदलायची होती. मग आम्ही विचारायचं थांबलो. कार्डं येत राहिली. "प्रकृती ठीक. हवा उत्तम. सुमाला आशीर्वाद." डाळ त्यातून गेली होती. शिबिरं तीच, गावं तीच, पण कुठल्याच गावात आता दुकान नव्हतं. ही सगळी कार्डंही त्याच डब्यात आहेत. ती मी वाचत नाही, पण टाकलीही नाहीत.

एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नाही. तुमचा तो पुडा धर्मशाळेच्या कोनाड्यात राहिला होता. निघताना मी तो उचलून माझ्या वळकटीत ठेवला. कोल्हापूरला आल्यावर एका रविवारी तुमचे बंधू बाजारात गेले असताना ती डाळ मी लावली. कुकरमध्ये नव्हे, पातेल्यात, घड्याळ समोर ठेवून. वीस मिनिटांत शिजली, वन्सं. नुसती शिजली नाही, विरघळली. गूळ घालायची गरज नव्हती, मी घातला नाही. सुमानं दोनदा भात घेतला आणि विचारलं, आज आमटीत काय आहे. मी म्हणाले, काही नाही.

हे एका कार्डावर मावलं असतं. कार्ड पंधरा पैशांना मिळायचं आणि टपालपेटी वाचनालयाच्या दारात आहे. त्यामुळे माझ्याकडे कारण नाही.

आता जे सांगायचं ते तुम्हाला ठाऊकच आहे. मला उशिरा कळलं.

तेराव्याचं सामान आणायचं होतं. गावानं ठरवलं की तेरावा गारगोटीतच करायचा, बाई आमच्या होत्या. मी आदल्या दिवशी तुमच्या खोलीत खुंटीवरची निळी पिशवी घेतली. मनात ठरवलं होतं, आज तीन दुकानं बघायची. पायाला फोड आले तरी चालतील, पण तुमच्या तेराव्याची डाळ तुमच्या रीतीनं यायला हवी. मी जिना उतरून रस्त्यावर पाय ठेवला, तोच समोरच्या दुकानातून हाक आली.

"वैनी, पिशवी घिऊन तिकडं कुठं निघालाय?"

तुमच्या खोल्यांच्या बरोबर समोरचं किराणा दुकान. मालक आण्णा, सत्तरीचे, डोळ्यांत मोतीबिंदू, गल्ल्यावर बसलेले.

"सामान बघायला जाते जरा, आण्णा. पेठेत."

"सामान काढून ठिवलंय की सगळं. डाळ, तांदूळ, तेल, साकर. बाईंचं सामान हितनंच जायचं. आता शेवटचं दुसरीकडनं नेता व्हय?"

मी थांबले. "वन्सं इथूनच घ्यायच्या? नेहमी?"

"बाई आल्या त्या दिवसापास्नं. तवा एकटी बाईमाणूस म्हणून कोण खोली देईना त्यास्नी. म्या सांगितलं मालकाला, बाईंची जबाबदारी माझी. त्या दिवसापास्नं दर म्हैन्याला चिठ्ठी यायची, सामान जायचं. कवा भाव इचारला न्हाई, कवा दाणा दाताखाली धरला न्हाई. माझ्या तिन्ही पोरी त्यांच्या हाताखाली शिकल्या." त्यांनी तागडी सरळ केली. "डाळ आमची जरा टणक असती, लोक म्हणत्यात. पर बाई कवा बोलल्या न्हाईत."

"आणि दुसऱ्या दुकानात?"

"कशाला जातील? समोर दुकान असताना?"

तुमच्या फडताळात मला खायच्या सोड्याचा मोठा डबा सापडला होता. सकाळी तो बघून मला काही कळलं नव्हतं. डाळीत सोडा घालणं म्हणजे परीक्षेत कॉपी करणं, असं तुम्ही मला लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. डबा निम्मा संपलेला होता. शेजारी डाळ रात्री भिजत घालायचं झाकणाचं पातेलं.

मग रस्त्यात उभी असताना मला हिशेब लागला. गारगोटीत तुम्हाला दुसरं दुकान नव्हतं. दुकानं होती, पेठ भरून होती. पण बाई पिशवी घेऊन दुसऱ्या दुकानाच्या पायरीवर दिसल्या, तर संध्याकाळपर्यंत ते आण्णांना कळलं असतं, आणि ज्या माणसानं तुम्हाला डोक्यावर छप्पर मिळवून दिलं त्याला काय वाटलं असतं? भीड म्हणतात ती हीच. वर्षातले साडेअकरा महिने तुम्ही ती टणक डाळ सोडा घालून गप खाल्लीत. ज्या गावात तुम्हाला कुणी ओळखत नाही आणि तुम्ही कुणाच्या ऋणात नाही, तिथं तुम्ही एका दुकानातून दुसऱ्यात जायचात, दाणा दाताखाली धरायचात, नाही म्हणायचात आणि पायरी उतरायचात. आम्ही घुमट बघायला जायचो. तुम्ही नाही म्हणायला जायचात. आणि ते मी तुमच्याकडून एका वाक्यात काढून घेतलं.

तुम्ही हसाल, पण तरीही माझी बाजू मी सोडलेली नाही. सोय हीसुद्धा एक किंमत आहे. फक्त आपल्या दोघींत ती जास्त कुणी मोजली, याबद्दल माझं मत बदललं आहे.

"काय वैनी, बांधू न्हवं?" आण्णांनी विचारलं.

मी पेठेकडे बघितलं. पेठ शंभर पावलांवर होती. "बांधा," मी म्हणाले.

तेराव्याला सकाळी शेजारच्या गंगूबाईंनी अंगणात चुलीवर मोठ्या पातेल्यात डाळ चढवली. मी सोड्याचा डबा हातात घेतला होता, पण परत फडताळात ठेवला. शाळा तुमच्या घरापासून दोन घरं सोडून. सभा अकराला सुरू झाली. बाराला सदस्य समारोपाला आले, म्हणाले की बाईंनी आयुष्यात कधीही तडजोड केली नाही, आणि बसायला वळले. तेवढ्यात गंगूबाई खिडकीत आल्या. त्यांनी दोन बोटं एकमेकांवर दाबून दाखवली आणि नकारार्थी मान हलवली. सभेला दीडशे माणूस होतं आणि ते सगळं जेवायला थांबणार होतं.

मी तुमच्या बंधूंच्या खिशातलं पेन घेतलं, चिठ्ठी लिहिली आणि सदस्यांकडे पाठवली. "डाळ व्हायची आहे. कृपया आणखी बोलावं."

डाळ शिजायला अडीच तास लागले.